दुसऱ्याच्या दुःखात शिरताना

'परदुःख शीतल' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. दुसऱ्याचे दुःख कितीही दाहक असले तरी आपल्या हाताला ते थंडच लागते, असा तिचा अर्थ. म्हण कडवट आहे, पण तिला खोटी म्हणण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. गंमत अशी की, ज्या लोकांनी ही म्हण घडवली त्यांनीच पोटात कालवणे, आतडे तुटणे, जीव कळवळणे असे शब्दप्रयोगही घडवले. या सगळ्यांत दुसऱ्याचे दुःख थेट आपल्या पोटात शिरलेले आहे. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेत प्रभूच्या कळवळ्यासाठी जे क्रियापद वारंवार येते तेही आतड्यांच्या शब्दावरूनच बनलेले आहे. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला जे झाले, त्यासाठीही लूकने तेच क्रियापद वापरले आहे.

हल्ली या गोष्टीला 'समानुभूती' किंवा 'सहसंवेदना' असे म्हणतात. शिक्षकांच्या शिबिरांत, परिचारिकांच्या वर्गांत, कचेऱ्यांतील व्याख्यानांतसुद्धा हा शब्द ऐकू येतो. त्यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा 'एम्पथी' हा शब्द तसा तरुणच आहे. टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका जर्मन शब्दाला प्रतिशब्द म्हणून तो १९०९ मध्ये वापरला, आणि तो जर्मन शब्द मुळात चित्र किंवा शिल्प पाहताना पाहणाऱ्याचे मन त्यात कसे शिरते याविषयीचा होता. सहानुभूतीत माणूस काठावर उभा राहून हळहळतो व समानुभूतीत तो पाण्यात उतरतो, असा फरक सांगण्याची पद्धत आहे. फरक ठीक आहे. परंतु पाण्यात उतरणारा प्रत्येक जण बुडणाऱ्याला वाचवतोच असे नाही, हे कृष्णा, वेदगंगा आणि घटप्रभेच्या काठी राहणाऱ्या आमच्या वाचकांना सांगायला नको.

शब्बाथ शाळेत आपण मुलांना विचारतो, "त्याच्या जागी तू असतास तर?" हा प्रश्न चांगला आहे आणि तो विचारत राहिलेच पाहिजे. ज्या मुलाला तो कधीच कोणी विचारला नाही, त्याच्या हातून पुढे काय काय घडते ते आपण पाहतोच. पण प्रश्न तेथेच सोडला की त्याचे अर्धेच काम होते. दुसऱ्याचे दुःख जाणवले म्हणजे ते कळले असे होत नाही. शिवाय ज्याचे दुःख आपल्याला जाणवते त्याच्या पलीकडेही माणसे असतात, आणि ती आपल्याला दिसतच नाहीत. या दोन गोष्टी आपल्या सीमाभागात जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच कोठे दिसत असतील.

निपाणीचेच घ्या. निपाणी म्हटले की तंबाखू. ज्यांनी तंबाखूची वखार आतून पाहिली आहे त्यांना त्या हवेविषयी वेगळे सांगण्याची जरुरी नाही. दारातच घशाला खवखव सुटते, डोळे चुरचुरतात. त्या भुकटीत बसून बायका दिवसभर तंबाखू निवडत, चाळत. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांची तऱ्हा निराळी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पाने, मजुरी हजार विड्यांवर, आणि वळलेल्या विड्यांतून काढलेली छाट बाईच्याच माथी. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, १९७६ चा कल्याण निधीचा कायदाही होता. परंतु कायद्याचा कागद आणि वखारीचा दरवाजा यांची गाठ पडायला मध्ये माणसे लागतात. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी आदी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने या स्त्रिया संघटित झाल्या.

बेंगळुरूच्या 'युगांतर' या गटाने या स्त्रियांवर १९८२ मध्ये एक माहितीपट काढला. दीपा धनराज त्या गटात होत्या. या मंडळींनी येऊन चार दुःखी चेहरे टिपले आणि परतीची गाडी धरली, असे केले नाही. त्या कित्येक महिने या कामगार स्त्रियांमध्ये राहिल्या, त्यांचे बोलणे ऐकले, आणि काय दाखवायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवले. म्हणूनच त्या पटात रडणाऱ्या बायकांपेक्षा सभेत उठून बोलणाऱ्या बायका अधिक आहेत. बाहेरून येणाऱ्याच्या नजरेला प्रथम अश्रू दिसतात. आत राहिलेल्याला त्या अश्रूंमागचा हिशेब दिसू लागतो: मजुरी किती, छाट किती, शौचालय आहे की नाही, मुकादम काय बोलतो.

आता त्याच निपाणीत, त्याच पिकाची दुसरी बाजू. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बेंगळुरू रस्ता अडवला. ते रस्त्यावरच राहिले, तेथेच चुली पेटल्या. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी आंदोलन मोडून काढताना गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. व्यापारी ठरवील त्या भावाने, व्यापारी देईल तेव्हा पैसे घेणारा हा शेतकरी. ज्याने वर्षभर त्याचे हाल पाहिले त्याचे पोट तुटल्यावाचून राहत नसे. प्रा. जोशी याही लढ्यात होते, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. वखारीतील बाई आणि शेतातील कुणबी या दोघांना एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवणारी माणसे थोडी असतात. बहुतेकांच्या मनाचा कंदील एका वेळी एकाच तोंडावर पडतो. शेतकऱ्याला चांगला भाव मिळावा म्हणून जीव टाकणाऱ्याच्या ध्यानात कित्येकदा त्याच शेतातील मजूर बाई येत नाही. मजूर बाईसाठी भांडणाऱ्याला कर्जाने वाकलेला छोटा शेतकरी 'मालक' म्हणूनच दिसतो.

आणि तिसरा माणूस? तो निपाणीत नसतोच. तो कोठेतरी दूर, गिरणीच्या फाटकाशी किंवा बांधकामाच्या ढिगावर बसून ती विडी ओढतो आणि पन्नाशीच्या आत खोकून खोकून खाटेला खिळतो. त्याचा चेहरा ना वखारीतून दिसतो ना शेतातून. ३१ मे २००९ पासून तंबाखूच्या पाकिटांवर चित्ररूप इशारा छापणे सक्तीचे झाले. त्याचा हेतू हाच, की ज्याचे दुःख दिसत नाही त्याचे दुःख दिसावे. ते चित्र पाहून ज्याच्या काळजात कळ उठते त्याला वाटते, हे पीकच बंद करावे. मग निपाणीची विडी वळणारी बाई काय खाईल, हा विचार करायला त्याला कंदील पुन्हा फिरवावा लागतो. तिघांचीही दुःखे खरी आहेत. नुसत्या कळवळ्याला या तिघांमध्ये निवाडा करता येत नाही, कारण जो समोर आहे तोच त्याला सर्वांत दुःखी वाटतो. तेथे आकडे मांडावे लागतात, दुसरे पीक कोणते निघेल ते पाहावे लागते, म्हणजेच डोके शांत ठेवावे लागते. डोके शांत ठेवणाऱ्याला आपण फार लवकर 'दगडाच्या काळजाचा' म्हणून मोकळे होतो, असे आमचे निरीक्षण आहे.

दुसऱ्या गोष्टीकडे वळू. दुःख जाणवले म्हणजे कळले असे नव्हे, हे आम्ही वर म्हटले. दुःखाच्या घरी भेटीला गेलेली एखादी बाई इतकी रडते की, जिच्या घरी मरण झाले तीच उठून हिला पाणी देते, पाठीवरून हात फिरवते. असे दृश्य आपण सर्वांनीच पाहिलेले असते. रडणारी बाई खोटी नसते. तिला तिचे स्वतःचे जुने दुःख आठवलेले असते. ती दुसऱ्याच्या घरात शिरते खरी, पण सामान स्वतःच्या घरातले घेऊन. ईयोबाच्या मित्रांचेही असेच झाले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर सर्व ठीक होते. मग त्यांना वाटू लागले की ईयोबाचे दुःख आपल्याला समजले, आणि तेथून पुढचे तीस-पस्तीस अध्याय त्या बिचाऱ्याला त्यांचे बोलणे ऐकत बसावे लागले.

बेळगाव जिल्ह्यातील देवदासी स्त्रियांची कहाणी या बाबतीत फार बोलकी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली वाहण्याची चाल सीमाभागात दोन्ही बाजूंना होती. अशा मुली बहुतकरून दलितांच्या घरच्या. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा कायदा केला, महाराष्ट्राने २००५ चा. या स्त्रियांविषयी हळहळणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. लेख लिहिले गेले, भाषणे झाली. त्यांच्या लग्नासाठी सरकारी अनुदानही निघाले; कारण हळहळणाऱ्याला वाटले, आपण तिच्या जागी असतो तर आपल्याला सर्वांत आधी नवरा आणि कुंकू हवे असते. आता, काहींना ते हवेही असेल. पण पुष्कळ जणींपुढचा प्रश्न वेगळाच होता: म्हातारपणी महिन्याला हातात काय येईल, राहते घर कोणाच्या नावावर, आणि पोराच्या शाळेच्या फॉर्मात बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचे.

या स्त्रियांची स्वतःची एक संस्था १९९७ मध्ये उभी राहिली. 'मास' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिच्या प्रमुख सीतव्वा जोडट्टी या स्वतः लहानपणीच देवीला वाहिलेल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चिकोडी तालुक्यातील एका खेड्यातली ही बाई दिल्लीला गेली तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते हे, की ती गावोगाव गेली तेव्हा तिला समोरच्या बाईच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे लागले नाही. आणि आपण जे त्या जागी कधीच नव्हतो, त्यांना काय करता येईल? विचारता येईल. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी प्रभूला हाका मारीत होता. त्याला काय हवे ते कोणालाही दिसत होते. तरीसुद्धा प्रभूने त्याला जवळ बोलावून, तुझ्यासाठी मी काय करावे, असे आधी विचारले. ज्याला माणसाच्या अंतःकरणातले सर्व ठाऊक असे आपण मानतो, त्याने विचारले. आपण मात्र न विचारताच ब्लँकेटे वाटून येतो.

आता अवघड जागी येऊ. सीमाभागात राहून समानुभूतीवर लिहायचे आणि भाषेचा विषय टाळायचा, हे आम्हांला पटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर म्हैसुरात ठेवावे असा अहवाल दिला. तो महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दर १ नोव्हेंबरला एकाच शहरात एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर काळा दिन, हे आपल्याकडे आता मुलांनाही सवयीचे झाले आहे. मराठी माणसाचे दुःख कल्पनेतले नाही. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो, आणि जन्मभर मराठी शाळेच्या पुण्याईवर जगलेल्या म्हाताऱ्याला आपल्याच शेताचा कागद शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावा लागतो. ते पाहून ज्याचे मन तुटत नाही तो कसला माणूस!

पण तुटलेले मन पुढे कोठे जाते? लूकच्या नवव्या अध्यायात एक प्रसंग आहे. प्रभू यरुशलेमेकडे निघाला असता शोमरोन्यांच्या एका गावाने त्याला उतरू दिले नाही. तोही सीमेचाच तंटा, कोणते देऊळ खरे याचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आपल्या गुरूचा अपमान पाहून याकोब व योहान यांना इतके लागले की, आकाशातून अग्नी पडून हे गाव जळून जावे असे आपण म्हणावे काय, असे त्यांनी विचारले. हे दोघे दुष्ट नव्हते. त्यांना दुसऱ्याचे दुःख स्वतःचे वाटले होते, आणि त्यातूनच त्यांच्या हातात जाळण्याची भाषा आली. प्रभूने त्यांना धमकावले आणि ते दुसऱ्या गावाला गेले. पुढच्याच अध्यायात, याच शोमरोन्यांपैकी एकाला चांगुलपणाचा नमुना म्हणून पुढे करणारी गोष्ट येते. शब्बाथ शाळेच्या पाठांत हे दोन प्रसंग बहुधा वेगवेगळ्या महिन्यांत पडतात, म्हणून त्यांची जवळीक ध्यानात येत नाही. याकोब व योहान जवळच उभे राहून ती गोष्ट ऐकत असतील तर त्यांना काय वाटले असेल?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकाच्या बसमध्ये भाषेवरून वाद झाला आणि कंडक्टरला मारहाण झाली. लगोलग तिकडे चित्रदुर्गाजवळ महाराष्ट्राच्या एस.टी.च्या ड्रायव्हरला काळे फासण्यात आले. काही दिवस दोन्ही राज्यांतील गाड्या बंद राहिल्या. इकडच्या माणसाला ड्रायव्हरचा काळा केलेला चेहरा दिसला व त्याचे रक्त तापले. तिकडच्या माणसाला मार खाल्लेला कंडक्टर दिसला व त्याचेही रक्त तापले. दोघांच्याही काळजात कळवळाच होता, पण ज्याचा त्याचा आपापल्या माणसापुरता. पगारावर जगणारे, रात्रपाळ्या करणारे, सुट्या पैशांवरून रोज बोलणी खाणारे हे दोघे कामगार एकमेकांशी जितके सारखे होते तितके त्यांच्यासाठी संतापलेल्यांशी नव्हते, हे कोणाच्या ध्यानात आले? मिरजेच्या दवाखान्यात तारीख घेतलेला चिकोडीचा पेशंट, आणि बेळगावला कॉलेजात जाणारी चंदगडची मुलगी, हे त्या दिवसांत स्टँडवर बसून होते. त्यांचा फोटो कोणी छापला नाही.

अशा वेळी आम्हांला जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड बोलणारी गावे आठवतात. तेथला म्हातारा महाराष्ट्रात आहे, त्याच्या शेताचा सात-बारा मराठीत आहे, आणि तो शेजारच्या पोराकडून वाचून घेतो. निपाणीच्या म्हाताऱ्याचे दुःख जगात सर्वांत चांगले कोणाला कळत असेल तर त्या जतच्या म्हाताऱ्याला. या दोघांची गाठ कोणत्याही मोर्चात पडत नाही. आपल्या माणसाचे दुःख मोठ्याने सांगावे. ते सांगणे आपले कर्तव्यही आहे. मात्र ते सांगताना जतच्या म्हाताऱ्याला आपल्या वाक्यात जागा आहे की नाही, एवढे पाहिले तर बोलण्याचा सूर आपोआप बदलतो. आपल्या काही शहरांत सकाळी मराठी आणि मग कन्नड अशा उपासना होतात. एक मंडळी बाहेर पडते तोच दुसरी आत शिरते आणि चपला एकमेकींत मिसळतात. या दहा मिनिटांत आपण एकमेकांशी काय बोलतो? बहुतेक वेळा फक्त चपलांविषयी.

आणखी एक धोका थोडक्यात सांगतो, कारण तो पाळकांना, परिचारिकांना आणि घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्यांना सांगावा लागत नाही. रोज दुसऱ्याचे दुःख आत घेणारा माणूस आटत जातो. मग तो चिडतो, किंवा थंड पडतो आणि स्वतःला दोष देत बसतो. जर्मनीतील लाइपझिगच्या तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. दुसऱ्याचे दुःख आपल्यात भोगण्याचा सराव केलेल्यांचे मन खचत गेले. तीच माणसे पुढे त्या दुःखिताचे भले चिंतण्याचा सराव करू लागली तेव्हा त्यांना उभारी आली. शोमरोन्याची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याला कळवळा आला, त्याने तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, रात्रभर सांभाळले, सकाळी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातात दोन दीनार ठेवले, अधिक लागले तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला. तो खाटेशी बसून राहिला नाही. त्याच्या गैरहजेरीतही जखमी माणसाची व्यवस्था चालू राहील, असे त्याने पाहिले. कायदा, पेन्शन, पतपेढी, रजेवर जाणाऱ्या नर्सच्या जागी येणारी दुसरी नर्स, या सगळ्या त्या दोन दीनारांच्याच जाती आहेत. त्यांत अश्रू दिसत नाहीत, म्हणून आपण त्यांना कोरडे समजतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ही गोष्ट मुले नाटक करून दाखवतात तेव्हा लुटारू व्हायला सगळे तयार असतात, शोमरोनी व्हायलाही, गाढवसुद्धा हौसेने होतात. उतारशाळेचा रखवालदार व्हायला मात्र कोणी पुढे येत नाही, कारण त्याला बोलायला काहीच नाही. आणि ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ, त्या जखमी माणसाच्या तोंडीही पूर्ण गोष्टीत एकही शब्द नाही. या खेपेस गोष्ट संपते तेथून पुढचा एक प्रवेश मुलांकडून बसवून घ्यावा. शोमरोनी गेला आहे, ऊन वर आले आहे, जखमी माणसाने डोळे उघडले आहेत. रखवालदाराने त्याला विचारायचे: कोठला, घरी कोण, काय खाशील, निरोप कोणाला धाडू? जखमी माणसाने काय उत्तर द्यायचे ते त्या मुलालाच ठरवू द्यावे. आपल्या भागात तो कन्नडमध्येही उत्तर देईल, आणि मग रखवालदार झालेल्या मुलाला थोडे कन्नड शिकावे लागेल. त्यासाठी आठवडाभर आधी तयारीला लागावे.